फिरकीचे दोन दात

खालच्या मजल्यावरच्या कारखान्यातलं मशीन पुन्हा घरघरायला लागलं, तेव्हा ताईंनी कप बशीत जरा आपटूनच ठेवला.

"बघितलंत, वहिनी? फिरकीचं नाव निघालं की दादाला दात घासायची आठवण होते."

"कामं आहेत त्यांना," वहिनी म्हणाल्या. "उद्या दोन कवळ्या द्यायच्यात."

"आज रविवार आहे."

वहिनींनी उत्तरादाखल बिस्किटांची बशी पुढे केली. नवरा आणि नणंद यांच्यामध्ये ठेवायला बशीइतकी उपयोगी वस्तू नाही, हे एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांना पुरतं कळलं होतं.

टेबलाच्या मधोमध, साखरेच्या भांड्याला टेकवून पाहुणीने आपला फोन उभा केला होता. पाहुणी म्हणजे फिरकीची मुलगी. वडिलांच्या घरी ती जन्मात पहिल्यांदा आली होती, तीही एकटी. चेहरा आईकडून आलेला, परका. कान मात्र थेट फिरकीचे, दोन्ही बाजूंना पसरलेले. दार उघडल्यावर ताई आधी त्या कानांनाच भेटल्या होत्या आणि मग तिला. भाषा तिने कुठल्याशा वर्गात जाऊन शिकली होती.

"आपणां सर्वांना विनंती आहे," ती म्हणाली, "की कृपया एकेकाने बोलावे. अन्यथा ध्वनिमुद्रण अस्पष्ट होईल."

दाजी, म्हणजे ताईंचे यजमान, खुर्चीत सावरून बसले. "हिचं बोलणं ऐकलं की वाटतं, आता मला बक्षीस मिळणार."

दादांचा हा धाकटा भाऊ पंचवीस वर्षांपूर्वी परदेशी गेला, तो परत फिरकलाच नव्हता. जो भेटेल त्याची फिरकी घ्यायचा म्हणून लहानपणीच त्याचं नाव फिरकी पडलं. आता पुढच्या महिन्यात तो नोकरीतून निवृत्त होणार होता. तिकडच्या विमानतळावर, हरवलेल्या सामानाच्या खात्यात त्याची सगळी नोकरी झाली. निरोपाच्या कार्यक्रमात मुलीने चार शब्द बोलायचे होते, आणि ते चार शब्द गोळा करायला ती एवढ्या लांब आली होती. "माझ्याजवळ सांगण्यासारखे काही नाही," असं ती आल्या आल्या म्हणाली होती. तो विनय समजून सगळ्यांनी तिचं कौतुक केलं होतं.

"फिरकी आणि हरवलेलं सामान," ताई म्हणाल्या. "ज्याने जन्मभर आमच्या वस्तू लपवल्या, त्यालाच शोधायला बसवला. तिकडच्या लोकांना माणसाची पारख नाही."

"मी सुरू करतो," दाजी म्हणाले. "मी तेव्हा बस चालवायचो. आमचं लग्न नुकतंच झालेलं. इथे खाली बेकरीसमोर थांबा आहे ना, तिथे एक दिवस फिरकी उभा. हात केला, मी बस थांबवली. त्याने एक पाय पायरीवर ठेवला आणि अगदी अनोळखी चेहऱ्याने विचारतो, 'ड्रायव्हरसाहेब, ही बस बेकरीपर्यंत जाते का?' मी म्हटलं, 'अरे, ही काय बेकरी.' त्याने मागे वळून पाटी वाचली. 'अरे वा,' म्हणाला, 'पोचलो की. काय वेगात चालवता हो तुम्ही.' पाय खाली घेतला, आभार मानले आणि निघून गेला."

"नंतर काय घडले?" पाहुणीने विचारलं.

"दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशीही. शेवटी बसमधले लोकच म्हणायला लागले, थांबवा हो, पोचायचंय बिचाऱ्याला."

"आणि मी मागच्या बाकावर तोंड लपवून बसलेली," ताई डोळे पुसत म्हणाल्या.

"तू त्या बसमध्ये नव्हतीस."

"बस माझ्या नवऱ्याची, भाऊ माझा, आणि मी नसेन?"

"तू नव्हतीस. मी घरी येऊन तुला सांगितलं."

"म्हणजे तुम्ही सांगितलंत म्हणून मला आठवतंय, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

दाजींना नेमकं तेच म्हणायचं होतं, पण ते बायकोला ओळखून होते. "असशील," ते म्हणाले. "मला आरशात दिसली नसशील."

वहिनींचा एक कान खाली होता. त्या मशीनची एक गंमत त्यांच्या लक्षात आली होती. किस्सा सुरू झाला की ते सुरू व्हायचं, किस्सा रंगात आला की हळूच बंद पडायचं, आणि वर हशा पिकला की पुन्हा घरघर. त्या उठल्या, उकडतंय असं कुणालातरी म्हणाल्या, जिन्याचं दार अर्धं उघडं टाकलं आणि आवाज थोडा चढवला.

"वकिलाची गोष्ट मी सांगते. आमच्याकडे एक वकील कवळी करायला आले होते. ह्यांनी इतकी सुरेख करून दिली, पण तो माणूस रोज दारात. आज टोचते, उद्या हलते, परवा बोलताना शिटी वाजते. हे घासून घासून थकले. तेव्हा भावोजी खाली मदतीला असायचे. एक दिवस ते म्हणाले, द्या इकडे. कवळी घेऊन आत गेले. मी तिथेच होते. मशीन चालू केलं आणि नुसते उभे राहिले. हातसुद्धा लावला नाही. बाहेर आले आणि वकिलांना म्हणाले, 'साहेब, दोष दातांचा नाही. नवे आहेत, अजून भाबडे आहेत. आठवडाभर यांच्यादेखत फक्त खरं बोला. एकदा बसले की मग तुमचा धंदा आहेच.'"

दाजींना ठसका लागला.

"आठवड्याने वकील आले," वहिनी जिन्याच्या दिशेने म्हणाल्या. "म्हणाले, बायको बोलत नाही, सासरे बोलत नाहीत. पण दात बसले."

मशीन बंद होतं. खालून कुणीतरी खोकल्यासारखं केलं आणि घाईघाईने घसा साफ केला.

पाहुणी मात्र हसत नव्हती. तिने हात लांब करून ध्वनिमुद्रण थांबवलं.

"क्षमस्व," ती म्हणाली. "हे माझे वडील नाहीत."

"म्हणजे काय?" ताईंनी विचारलं.

पाहुणीने मनातल्या मनात वाक्यं लावून घेतली. वर्गात कितीही सराव केला तरी अशा वेळेची वाक्यं कुणी शिकवलेली नव्हती. "माझे बाबा सकाळी उठतात. शर्टाला इस्त्री करतात. कामावर जातात, लोकांच्या बॅगा शोधतात. परत येतात. कोणी विनोद केला तर मान हलवतात. त्यांचे सहकारी म्हणतात, अचूक माणूस, शांत माणूस. तुम्ही ज्यांच्याविषयी सांगता, त्यांना मी कधीही भेटलेले नाही." ती थांबली. "मला भेटायला आवडले असते."

ताई घाबरल्या, आणि घाबरल्या की ताई भांडतात.

"काय करून ठेवलंत तुम्ही लोकांनी त्याचं?" त्या म्हणाल्या. "हसतं-खेळतं माणूस पाठवलं होतं आम्ही. तुझ्या आईला हसणं आवडत नसेल."

"माझी आई रोज हसते. ती त्यांना विचारते, तू कधी हसणार." पाहुणीचे कान लाल झाले. "आत्या, माझ्या आईविषयी आपण असे बोलू नये."

"बरोबर आहे तिचं," दाजी म्हणाले.

"तुम्ही नेमके कुणाच्या बाजूने?"

"मी ड्रायव्हर आहे. बसमधल्या सगळ्यांच्या बाजूने."

ताईंनी आधारासाठी वहिनींकडे पाहिलं. एरवी फिरकीच्या बाबतीत दोघींची फळी पक्की असे. पण वहिनी बिस्किटाचा चुरा बोटाने गोळा करत होत्या. "वन्सं, तिकडे कशाला खापर फोडायचं? त्यांना इथून हसून पाठवलं, ते आपणच ना."

"मग सगळं सांग तिला. अर्धं कशाला?"

दादा जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे होते. अंगात एप्रन, कोपरापर्यंत प्लॅस्टरचे पांढरे डाग. ते आत आले, पण बसले नाहीत. पाहुणीकडे न बघता साखरेच्या भांड्याकडे बघून बोलले.

"तुझा बाप दर आठवड्याला कुठेतरी निघालेला असायचा. कधी जहाजावर, कधी सर्कशीत. एकदा जेवताना म्हणाला, 'उद्या परदेशी चाललो, नोकरी मिळाली.' आम्ही सगळे हसलो. मी जास्तच. आई म्हणाली, 'जाताना दार ओढून घे.' सकाळी बघतो तर दार ओढलेलं होतं."

पाहुणीने फोनला हात लावला नाही.

"आई कितीतरी दिवस पलंगाखाली वाकून बघायची. कपाट उघडायची. पडद्यामागे बघायची. दमली की म्हणायची, 'पुरे झालं रे, ये आता बाहेर.'" दादांनी बोटावरचं प्लॅस्टर नखाने खरवडलं. "महिन्याभराने त्याचा फोन आला. मी म्हटलं, घरी ठीक आहे, आणि फोन आईकडे दिला. तेवढंच आमचं बोलणं."

"त्यानंतर हे फोन उचलतच नाहीत," वहिनी म्हणाल्या. "वाजला की मला हाक मारतात. हातभर अंतरावर असले तरी."

"म्हणजे ते सत्य बोलले," पाहुणी सावकाश म्हणाली, "आणि आपण सर्व हसलात."

तिने फोन उचलला. "तेथे आता सकाळ आहे. ते इस्त्री करत असतील."

दादा वळले. पण वहिनी बशी हातात घेऊन जिन्याच्या दारात उभ्या होत्या, आणि बशीसकट वहिनींना बाजूला सारणं त्या घरात कुणालाच कधी जमलेलं नव्हतं.

पलीकडून फिरकीचा आवाज आला. त्या तिकडच्या भाषेतले दोन शब्द, सपाट, नीट घडी घातलेले. ताईंनी आवाज ओळखला आणि तरीही ओळखला नाही. आठवड्यातून एकदा त्या त्याच्याशी बोलत, पण बहुतेक त्याच बोलत, तो ऐकत असे. आज पहिल्यांदा त्यांना त्याचं विचित्र वाटलं.

"बाबा," पाहुणी म्हणाली, "मी काकांच्या घरून बोलत आहे. कृपया प्रतीक्षा करावी."

बराच वेळ नुसती इस्त्रीची वाफ ऐकू आली. मग फिरकीने विचारलं, "तू ही भाषा कधी शिकलीस?"

"दोन वर्षे. आपणास आश्चर्यचकित करायचे होते."

"केलंस. मला वाटलं, माझ्यावर खटला भरलाय."

दाजींनी टेबलाची कड धरली. पाहुणीने फोन दादांच्या तोंडासमोर धरला आणि तसाच धरून ठेवला. दादांना तो हात खाली करायला सांगता आलं असतं. त्यांनी नाही सांगितलं.

"मी बोलतोय," ते म्हणाले.

"मी कोण?"

"मी."

"असं कसं होईल? मी तर इकडे आहे."

"फाजीलपणा पुरे. माणसं जाताना नीट सांगून जातात."

"सांगितलं होतं, दादा."

"गंभीरपणे सांगायचं असतं."

"गंभीरपणेच सांगितलं. तू हसलास."

"तू तोंडच तसं केलं होतंस."

"तोंड आहेच तसं. तुझ्याकडे केलेलं असतं तर परत आणून दिलं असतं."

ताईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. दादांचा चेहरा मात्र जागचा हलला नाही.

"सकाळी मला उठवायचं होतंस," ते म्हणाले. आवाज जरा खाली गेला होता.

वाफेचा आवाज थांबला. फिरकीने इस्त्री खाली ठेवली असावी.

"आलो होतो उठवायला. बॅग हातात घेऊन उभा होतो. तू झोपेत हसत होतास. म्हटलं, याचा अजून तोच विनोद चालू आहे, मधेच कशाला मोडा."

दादांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि त्यातून भलताच आवाज बाहेर पडला. आधी नाकातून, मग पोटातून. ते खुर्ची न बघताच बसले, ती सुदैवाने तिथे होती. प्लॅस्टरच्या हातांनी त्यांनी डोळे पुसले आणि चेहरा भुतासारखा पांढरा करून घेतला. फिरकी गेल्यापासून वहिनींनी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. हसतायत का रडतायत, हे ठरवायची त्यांना घाई नव्हती.

पाहुणीला निम्मे शब्द कळले नव्हते. पण पलीकडून एक माणूस हसत होता, आणि तो हसणारा आवाज तिला अगदी नवा होता.

"बाबा," ती म्हणाली, "आपण आमच्याशी असे का बोलत नाही?"

फिरकीचं हसू थांबलं. "बाळा, इथली भाषा मला उशिरा मिळाली. तिच्यात मी भाडेकरू आहे. सगळं स्वच्छ ठेवतो, वेळेवर दिवे बंद करतो. पण भाडेकरूला भिंतीत खिळे ठोकता येत नाहीत गं. सुरुवातीला एक-दोन ठोकून बघितले. लोक म्हणाले, 'माफ करा, काय म्हणालात?' मग मी त्यांची माफी मागायला लागलो. हळूहळू सवय झाली."

तिने मान हलवली. फोनवर ती दिसणार नाही, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

दादांनी तिच्या हातातून फोन घेतला. "दात आहेत का सगळे?"

"दोन गेले. वरचे, बाजूचे."

"कधी?"

"झाली काही वर्षं."

"आणि तसाच हिंडतोयस? माझा सख्खा भाऊ? तिकडे कुणाकडून बसवून घेऊ नकोस. इकडे ये."

"दोन दातांसाठी एवढ्या लांब?"

"दोन दातांसाठीच. तुला कोण बोलावतंय."

"येतो," फिरकी म्हणाला. "निवृत्त झालो की येतो."

दादांनी फोन पाहुणीला परत दिला.

"खरं म्हणाला का रे तो?" ताईंनी विचारलं.

"माहीत नाही," दादा म्हणाले. "पण या वेळी कुणी हसायचं नाही."

तो खरंच आला. दाजी त्याला आणायला गेले, आणि तो समोर आल्यावर अर्धा मिनिट त्यांनी त्याला ओळखलंच नाही, कारण इस्त्रीचा शर्ट घातलेला, केस पिकलेला एक सद्गृहस्थ त्यांना म्हणाला, "आपलं काही हरवलंय का?"

पाहुणीही सोबत होती. निरोपाच्या कार्यक्रमाची हकिगत तिने येता येताच सांगून टाकली. तिने भाषणात बेकरीची गोष्ट सांगितली होती. कुणी हसलं नाही. सगळ्यांनी लक्ष देऊन ऐकलं, आणि नंतर एका अधिकाऱ्याने तिला बाजूला घेऊन विचारलं की त्या प्रवाशाने तिकीट काढलं होतं का. मागच्या रांगेत बाबा एकटेच रुमालात तोंड खुपसून बसले होते आणि तिची आई त्यांच्याकडे टक लावून बघत होती. "आता आईनेही त्या वर्गात नाव घातले आहे," पाहुणी म्हणाली. "ती म्हणते, तिला एका प्रवाशाला भेटायचे आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी दादांनी फिरकीला खाली नेऊन खुर्चीत बसवलं. मागोमाग सगळं घर खाली उतरलं. कारखान्यात जागा ती केवढी. फळ्यांवर प्लॅस्टरचे जबडे रांगेने मांडलेले, मधे खुर्ची, आणि भोवती चार माणसं दाटीवाटीने उभी. दादांनी रबराच्या वाडग्यात पावडर घेतली, पाणी घातलं आणि गुलाबी लगदा घोटला. लगदा ट्रेमध्ये भरून फिरकीच्या वरच्या जबड्यावर दाबून धरला.

"दहा मिनिटं बोलायचं नाही," ते म्हणाले. "हलायचंही नाही."

माप घ्यायला दोन मिनिटंही पुरतात, हे वहिनींना माहीत होतं. त्यांनी पाहुणीला हळूच चिमटा काढला.

ताईंना संधी म्हणजे काय हे कुणी समजवावं लागत नसे. "बरा सापडलास," त्या म्हणाल्या. "आई गेली तेव्हा यायचं धाडस झालं नाही तुझं, आणि दोन दात म्हटल्यावर धावत आलास. माझी निळी छत्री कुठे लपवली होतीस ते आधी सांग. नाही, आत्ता नको सांगूस. आत्ता ऐक."

"मला डेपोत बोलावून झापलं होतं," दाजी म्हणाले. "बेकरीच्या थांब्यावर रोज उशीर का होतो म्हणून. मी काय सांगणार होतो?"

फिरकीने नुसते डोळे फिरवले. एका हाताने ट्रे धरून दादा त्याच्या डोक्यापाशी वाकले होते. ते बोलले ते त्याच्या कानाजवळ, पण त्या खोलीत कुठलीच गोष्ट एका कानापुरती राहत नसे.

"तुझा पहिला फोन आला ना, तो ठेवल्यावर आई माझ्याकडे वळली. मला वाटलं, रडणार. तर म्हणाली, 'बघ, सापडला. फार लांब जाऊन लपला होता, एवढंच.'"

फिरकीच्या घशातून "ऊं" असा आवाज आला. मग दुसरा. त्याचे डोळे भरले, पोट हलायला लागलं, आणि आईच्या त्या वाक्यावर हसावं की काय करावं हे न कळून तो खुर्चीत असा काही हादरला की ट्रे एका बाजूला सरकला.

दादांनी ट्रे बाहेर काढला, दिव्याखाली धरला आणि सगळीकडून निरखला. "हललास. माप बिघडलं. परत घ्यावं लागेल."

"मग घे," फिरकी तोंड पुसत म्हणाला. ओठाला गुलाबी लगदा चिकटला होता.

"आज नाही. पावडर संपली."

वहिनींनी मागे पाहिलं. खालच्या फळीवर पावडरचा नवा डबा होता, झाकणावरचं सीलही न तोडलेला. त्या दोन पावलं सरकल्या आणि त्याच्यापुढे उभ्या राहिल्या. पाहुणीने ते पाहिलं आणि तीही काही न बोलता त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"मग कधी येईल?" फिरकीने विचारलं.

"सांगता येत नाही," दादा वाडगा धुता धुता म्हणाले. "हल्ली फार टंचाई आहे." आणि त्यांचा चेहरा इतका गंभीर होता की फिरकी त्यांच्याकडे बघतच राहिला.